माहेरी गेलेल्या एकसष्ट जणी

"वीस टक्क्यांच्या आत आहे यमुताई. चालतं," असं म्हणून मी कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं. मी असं तोंड फिरवलं की समोरच्यानं उठून जायचं असतं, हे आमच्या विभागात शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

यमुताई हेडाऊ उठल्या नाहीत. उलट पिशवी मांडीवर घेऊन नीट टेकून बसल्या. "काय चालते सर?"

"तीनशे अठरा गरोदर बायांची आपण नोंद केली होती. दोनशे सत्तावन्न बाळांची वजनं हाती आली. एकसष्ट जणी गळाल्या. शंभरात एकोणीस. अशा अभ्यासात एवढी गळती सगळेच धरून चालतात."

"गळाल्या म्हंजे? बाळंतपणाले माहेरी गेल्या थ्या. जित्त्या हायेत, लेकरं घेऊन बसल्या हायेत. आपण गेलो नाही म्हून त्या गळाल्या का?"

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. एकतीस मार्चला आमचा अहवाल जाणार होता आणि त्यातली मुख्य ओळ माझी लिहूनही झाली होती : गरोदरपणी फवारणीचं औषध कालवण्याचा बाळाच्या वजनाशी संबंध आढळला नाही. ही ओळ एकदा छापून गेली की नरखेड तालुक्यातल्या संत्र्यांच्या बगिच्यांमध्ये पोटुशी बाई औषधाच्या ड्रमशी उभी असली तरी कोणी तिला हटकणार नव्हतं. हटकायचं कारणच उरणार नव्हतं.

"सात हप्ते हायेत," यमुताई म्हणाल्या. "मी जातो."

मी गिरिधर. नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात, साथी आणि गावोगावचं आरोग्य पाहणाऱ्या विभागात, एकोणीस वर्षं आकडेमोड करतोय. राग माझ्या नाकावर असतो, आणि तो योग्य जागी आहे असं माझं मत आहे. यमुताई त्याच विभागात घरोघर जाऊन प्रश्न विचारण्याच्या कामावर आहेत. नागपुरातल्याच टिमकी वस्तीतल्या विणकरांच्या घरच्या. वडिलांचा हातमाग होता. आता मागाच्या जागी भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वय त्रेपन्न, उंची जेमतेम पाच फूट, उजवा गुडघा कायमचा रुसलेला. आमचे शोधनिबंध छापून येतात तेव्हा डॉक्टरांची नावं संपल्यावर आभाराच्या ओळीत "आणि इतर" असं असतं. त्या इतरांमध्ये यमुताई असतात.

हा विषय मुळात त्यांच्यामुळेच सुरू झाला. २०१८ साली आम्ही त्या भागात साधी पाहणी केली होती. एका महिन्यात अकरा गावं, जे दिसेल ते लिहायचं. तेव्हा यमुताईंनी येऊन सांगितलं, की ज्या घरी संत्र्या-मोसंबीचा बगिचा आहे त्या घरची बाळं मले हलकी वाटतात. मी म्हटलं, वाटण्यावर काही ठरत नसतं. पाहणी म्हणजे लग्नातला फोटो असतो. त्या क्षणी कोण कोणाशेजारी उभं आहे तेवढं दिसतं, आधी काय झालं होतं ते दिसत नाही.

म्हणून पुढच्या वर्षी आम्ही उलट बाजूनं गेलो. हलक्या बाळांच्या ऐंशी आया घेतल्या, चांगल्या वजनाच्या बाळांच्या ऐंशी घेतल्या, आणि दोन्ही गटांना एकच विचारायचं ठरवलं : दिवस गेलेले असताना औषध कालवलंत का? हलक्या बाळांच्या आयांचं उत्तर जास्त वेळा "हो" आलं. सगळे खूश. मी टॅबवरच्या वेळा काढून बघितल्या. हलक्या बाळांच्या आयांशी यमुताई सरासरी चौतीस मिनिटं बोलल्या होत्या आणि दुसऱ्या आयांशी अकरा.

"त्यायच्या घरी दुःख होतं सर," त्या म्हणाल्या. "बसा लागते. आठवते का, आठवून पाह्य, असं म्हणा लागते."

मी सगळ्यांसमोर त्यांचा पाणउतारा केला. एकीला चौतीस मिनिटं आठवायला दिलीत आणि दुसरीला अकरा, तर पहिलीलाच जास्त आठवणार. तुमच्या दयेनं एकशे साठ फॉर्म रद्दीत गेले, असं मी बोललो. ते खरं होतं. सगळ्यांसमोर बोलायची गरज नव्हती, हेही खरंच, पण ते मला त्या दिवशी कळलं नाही.

यमुताई रडल्या नाहीत. तीन दिवसांनी माझ्या दारात उभ्या राहिल्या. "मंग बाळ व्हायच्या आधीच विचारून ठेवा न. तवा तं कोणालेच माहीत नसते कोणाचं लेकरू हलकं होणार हाये. मलेबी नाही, तिलेबी नाही."

ज्यासाठी आमच्या पाठ्यपुस्तकात आख्खा धडा आहे, ते या बाईनं दारात उभ्या उभ्या सांगितलं. आधी नोंद करायची, मग मागोमाग चालत राहायचं आणि शेवटी काय झालं ते बघायचं. मधे करोना आला, दोन वर्षं गेली, आणि मग हा अभ्यास उभा राहिला. सुरुवातीच्या बैठकीत एक नवे व्याख्याते म्हणाले, की खरं तर पक्कं उत्तर हवं असेल तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्या बायांना कालवायला लावायला हवं आणि अर्ध्यांना नाही. ते बिचारे तत्त्व सांगत होते. यमुताईंनी विचारलं, "पहिली चिठ्ठी तुमच्या मिसेसच्या नावाची टाकू का?" त्यानंतर त्या बैठकीत चिठ्ठ्यांचा विषय निघाला नाही.

आणि आता माझी चूक सांगतो. यमुताईंनी फॉर्ममध्ये एक रकाना मागितला होता, "माहेरचं गाव." मी तो काढून टाकला. फॉर्म दोन पानांत बसला पाहिजे हा माझा हट्ट. माहेरचा आणि फवारणीचा काय संबंध, असं मी वर विचारलंही होतं.

आता त्या एकसष्ट जणींचं सासर माझ्याकडे होतं, नवऱ्याचा मोबाइल नंबर होता, जो बहुतेक बंद होता, आणि माहेर कुठलं ते आमच्या एकाही कागदावर नव्हतं.

विभागप्रमुख भैरवी मॅडमनी परवानगी दिली. "जाऊ द्या त्यांना, नाही तर त्या आपल्या डोक्यावर मिरे वाटतील," असं त्या मला म्हणाल्या. मी यमुताईंना यादी छापून दिली. त्यांनी ती बघितली आणि परत केली.

"याच्यात कोण कालवत होती थे लिहून हाये. थे काढा. फक्त नावं द्या. तीनशे जणींत कोणाचं काय थे आता मले याद नाही. माहीत असलं तं मी पुन्हा कोणाच्या घरी जास्त बशीन."

पाच वर्षांपूर्वीचा तो पाणउतारा त्यांनी असा सांभाळून ठेवला होता. मी नुसत्या नावांची यादी छापली.

मग त्या रोज सकाळी सहाच्या एसटीनं काटोलमार्गे निघू लागल्या. आधी सासरी जायचं आणि माहेर विचारायचं. मग तिथून पुढे पांढुर्णा, मुलताई, वरूड, सौंसर. नरखेडच्या पलीकडे राज्याची हद्द आहे, पण सोयरिकी तिला मानत नाहीत, त्यामुळे अर्ध्या सुना मध्य प्रदेशातल्या. तिकडच्या दवाखान्यातल्या नोंदी आमच्याकडे येत नाहीत. इथे ज्या आमच्या हिशेबी गळाल्या होत्या, त्या तिथे रीतसर बाळंत होऊन, कार्ड घेऊन घरी गेल्या होत्या.

मी एकदा फोनवर म्हटलं, कार्ड नसेल तर आजीला विचारून लिहून घ्या, किती किलोचं होतं ते. यमुताई भडकल्या. "आजीले इचारलं तं सारीच लेकरं तीन किलोची सर! कागद पाहल्याशिवाय मी एकबी आकडा लिहीत नाही." आणि वर म्हणाल्या, "बाबा मागावर बसले का एक धागा तुटला तरी माग थांबवत. गाठ मारल्याबिगर पुढं जात नव्हते. कापड लांब झालं म्हून भोक चालते का?"

मी फोन ठेवला.

मार्चच्या मध्यापर्यंत त्रेचाळीस जणी मिळाल्या. यमुताईंना कालवणाऱ्यांची नावं कळू द्यायची नव्हती, मला ती माहीत होतीच. मी ती त्रेचाळीस वजनं जुन्या नोंदींना जोडली, आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

बगिच्यात फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर असतो. विहिरीवरून पाणी आणायचं, पुडी फोडायची, ड्रममध्ये काठीनं ढवळायचं, हे काम घरच्या धाकट्या सुनेचं. धाकटी म्हणजे नवी. नवी म्हणजे पहिलटकरीण. आणि पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, नेमकी तीच माझ्या कागदावरून उठून माहेरी गेली होती. मागे राहिल्या होत्या त्या दोन-तीन लेकरांच्या आया, ज्यांनी ड्रम केव्हाच धाकट्या जावेच्या हाती दिला होता. माझ्या दोनशे सत्तावन्नमध्ये कालवणाऱ्या जेमतेम अठ्ठावीस होत्या. तेवढ्यांवर मी "संबंध आढळला नाही" असं छातीठोक लिहिलं होतं. मला स्वतःची शरम वाटली.

पहिलटकरणीचं बाळ तसंही थोडं हलकं असतं, म्हणून मी पहिलटकरणींची तुलना फक्त पहिलटकरणींशीच केली. तरीही कालवणाऱ्यांची बाळं हलकी येत होती. पण अठरा जणी बाकी होत्या आणि मी आता कोणतीच ओळ घाईनं लिहिणार नव्हतो. पहिल्यांदाच मी यमुताईंच्या फोनची वाट बघू लागलो.

पंचवीस मार्चला साठ झाल्या.

एकसष्टावी प्रणाली. तिची सासू सखूबाई यमुताईंना चार वेळा दारातूनच परत पाठवून चुकली होती. "गेली थे तिच्या घरी. आमचा काही संबंध नाही आता. गाव-बिव मले माहीत नाही." सुनेचं गाव सासूला माहीत नाही, हे यमुताईंना पटणं शक्यच नव्हतं. त्या शेजारच्या रंभाबाईंकडे पाणी प्यायला गेल्या आणि विचारलं, या घरच्या लग्नाची पत्रिका आली होती का? आली होती. दोन वर्षांपूर्वीची ती पत्रिका पिठाच्या डब्याखाली घडी करून घातलेली होती, डबा हलू नये म्हणून. तिच्यावर वधूपित्याचं नाव आणि गाव छापलेलं होतं. गाव सौंसरच्या पुढे, आडबाजूला.

यमुताई तिथे जाऊन आल्या आणि थेट माझ्या खोलीत आल्या. बसल्याही नाहीत.

"पोट्टी झालती तिले. दोन दिवस जगली. दवाखान्याचं कार्ड हाये तिच्याजवळ, पण थे दाखवत नाही, फोटोबी काढू देत नाही. म्हणते, ज्याले लिवायचं हाये त्यालेच घेऊन या."

"मी? मी कशाला? मी कधी फिल्डवर..."

"म्हूनच म्हणून राहिली मी. चला."

"यमुताई, तीनशे सतरा झाल्या. एकीनं निष्कर्षात फरक पडणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चपला घातल्या. एकोणतीस मार्चला सकाळी सहाच्या एसटीत मी यमुताईंच्या शेजारी बसलो होतो, मांडीवर फाइल आणि फाइलमध्ये एक आलेख. रिकाम्या हातानं जायला मला कसंतरीच वाटत होतं, म्हणून छापून घेतला होता. नाव नाही, गाव नाही; एका बाळाचा एक ठिपका, जितकं बाळ हलकं तितका ठिपका खाली. तीनशे सतरा ठिपके.

प्रणाली बावीस-तेवीस वर्षांची असेल. आईनं पाट दिला, पाणी दिलं आणि ती आत गेली. प्रणाली भिंतीला टेकून उभी होती.

"तुम्ही लिवता का?" तिनं विचारलं.

"हो. मी मोजतो."

"माह्या पोट्टीले मोजलं नाही कोणी. सासू म्हणे, दोन दिवसाचं काय धरायचं. बारसंबी नाही झालं. कोणी इचारलं तं सांगतात, तिले काही झालंच नाही. दिवस भरले नव्हते. पाचव्या महिन्यापासून पोट दुखे. तरी आमच्या इथं धाकटी सूनच कालव..."

यमुताई एकदम उठल्या. "थांब बाई. हे सरले सांग. मले नको सांगू." आणि त्या दुखऱ्या गुडघ्यानं लगबगीनं बाहेर अंगणात जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. प्रणाली बघतच राहिली. मी तिला कारण सांगितलं. एका अभ्यासात आम्ही चूक केली होती, ती पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी हे कानावर पडू द्यायचं नाही असं ठरवलंय. आणि ती चूक दाखवताना मी त्यांना चारचौघांत फार लागेल असं बोललो होतो, हेही मी तिला सांगून टाकलं. का ते माहीत नाही.

प्रणालीनं पेटीतून कार्ड आणलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात. त्यावर नाव नव्हतं, "प्रणालीचं बाळ, मुलगी" एवढंच होतं. वजन एक किलो सहाशे ग्रॅम. मी आकडा उतरवून घेतला. कार्ड तिच्या हातात परत दिलं.

"झालं?" ती म्हणाली.

मी फाइल उघडून तो आलेख काढला आणि तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बाळ, असं समजावलं. ती खाली बसली, वाकून बराच वेळ बघत राहिली.

"माही पोट्टी कुठं हाय यांच्यात?"

मी पेन काढलं, पट्टीनं माप घेतलं आणि खालच्या बाजूला एक ठिपका दिला.

"आजूबाजूले बी हायेत न," ती म्हणाली. तिनं त्यांच्यावर एकेक बोट ठेवलं. "हे आमच्यासारख्याच घरचे का?"

"बरेचसे."

मग तिनं मान वर केली. "सासू म्हणे माह्यात खोट हाय. म्हून घ्याले आले नाही. तुम्ही मोजता, तुम्ही सांगा. हाय का?"

एका बाळाचं कारण माझं शास्त्र सांगू शकत नाही. ते शेकड्यांबद्दल बोलतं, एकीबद्दल बोलत नाही. तुझ्या मुलीचं काय झालं ते औषधामुळेच झालं, असं मी म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं. औषधामुळे नाही म्हणालो असतो तर तेही खोटंच. एकोणीस वर्षांत हे वाक्य मी विद्यार्थ्यांना शंभरदा ऐकवलं असेल. त्या मुलीसमोर मी फाइलमधले कागद उगाच सारखे करत बसलो.

बाहेरून यमुताईंचा आवाज आला. त्यांनी पाठ अजून वळवलेली नव्हती. "सर, सारं नाही सांगता येत तं नका सांगू. जेवढं सांगता येते तेवढं तं सांगा."

मी फाइल बाजूला ठेवली. "प्रणाली, तुझ्या एकटीचं मला सांगता येत नाही. खोटं सांगणार नाही. पण तुझ्यासारख्या, पहिल्याच खेपेच्या, धाकट्या सुना ज्यांनी औषध कालवलं, त्या सगळ्यांची बाळं मी मोजली. ज्यांनी कालवलं नाही त्यांच्यापेक्षा ती सरासरी दोनशे ग्रॅमच्या आसपास हलकी आहेत. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या घरच्या पोरी आहेत या. इतक्या जणींमध्ये एकदम खोट निघत नाही."

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते भरलेच नव्हते. तिनं कागद स्वतःकडे ओढला, वळवून धरला, आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"पेन द्या."

मी दिलं. छापलेल्या ठिपक्यांमध्ये माझा पेनाचा ठिपका फिका पडला होता. तिनं तो गिरवला. एकदा, दोनदा, कागदाच्या मागच्या बाजूनं उमटेपर्यंत गिरवला.

"आता दिसते," ती म्हणाली. मग अंगणाकडे बघून तिनं हाक मारली. "ताई, या आता आत. आणि हा कागद घेऊन उद्या सासूकडं जाजा. तिच्या घरी या साली अजून एक सून आली हाये, माह्याहून धाकटी."